थोरला

माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात तो असतो, गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत. पिशवी चुरगळून इतकी धुरकट झाली आहे की आतलं नीट दिसत नाही, पण ती बदलावीशी मला वाटत नाही.

बाहेर काढला की बोटांना आधी लागतात त्या निळ्या वायरी. शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक, अंगावरून इकडून तिकडे गेलेल्या, जागोजागी गोंदाच्या थेंबांनी धरून ठेवलेल्या. अकरा आहेत. डाव्या कडेला भाजल्याचा तपकिरी डाग आहे. तिथला तांब्याचा ट्रॅक उडून गेला, त्या जागी पिवळट काचतंतू उघडे पडले आहेत. तीन छोटे ट्रान्झिस्टर पाय वर करून उताणे चिकटवलेले आहेत. एक कपॅसिटर तिरका उभा आहे, कारण तो त्याच्या जागेपेक्षा मोठा आहे. कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकाला कुंकवाची पुसट कड आहे. आणि पांढऱ्या पट्टीवर काळ्या मार्करने लिहिलंय, ००१. अक्षर माझं.

ड्रॉइंगवर त्याचं नाव 'रेव्ह ए'. पण आमच्याकडे त्याला सगळे थोरला म्हणतात. हे नाव ठेवलं असेंब्ली लाइनवरच्या एका मावशींनी. नवीन लॉटचे बोर्ड तपासायला बसल्या असताना त्यांना माझ्या हातात हा दिसला. उलटून पालटून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला किती लागलंय हो! आणि आमच्याकडे येतात ते सगळे कसे गुळगुळीत. थोरल्याचं असंच असतं मॅडम. सगळं त्याच्या अंगावर निघतं आणि धाकटे सुखात वाढतात." तेव्हापासून स्टोअरच्या चिठ्ठीवरसुद्धा 'थोरला, १ नग, परत करणे' असं लिहिलं जातं.

शेतातल्या विहिरीवर किंवा बोअरवर थ्री-फेज मोटर असते, तिच्या स्टार्टरच्या पेटीत बसणारा हा कंट्रोलर. काम सांगायला सोपं. तिन्ही फेज आहेत ना, त्यांचा क्रम बरोबर आहे ना, व्होल्टेज पुरेसं आहे ना, हे बघायचं आणि मगच मोटर सुरू करायची. चालू मोटरची एक फेज गेली तर मोटर थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती कण्हत फिरत राहते, दीडपटीहून जास्त करंट ओढते आणि थोड्याच वेळात वाइंडिंग जळतं. विहिरीतलं पाणी संपलं तर उलटं होतं, करंट एकदम उतरतो. सबमर्सिबल पंपाचे बेअरिंग पाण्यानेच ओले राहतात आणि मोटरही पाण्यानेच थंड होते, त्यामुळे कोरडी चालली की तिचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. शिवाय लाइट आल्याआल्या एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर व्होल्टेज बसतं, म्हणून थोडं थांबून सुरू व्हायचं. हे सगळं कुणीतरी रात्री दोन वाजता, अंधारात, शेतकरी घरी झोपलेला असताना करायला हवं. त्या कुणीतरीसाठी मी डिझाइन करत होते.

जानेवारी २०१४ मध्ये तो आला. भोसरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या पहिल्या मजल्यावर कुरिअरचं पाकीट उघडलं आणि पाच कोरे बोर्ड बाहेर पडले. जाडी १.६ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी ३५ मायक्रॉनचं तांबं, वर हिरवा मास्क. कोऱ्या बोर्डाला एक वास असतो, रेझिनचा, नव्या वहीसारखा. पाचातल्या एकावर मी माल चढवला. मोठा माल स्टोअरमधून आला, उरलेला मी आदल्या शनिवारी तपकीर गल्लीतून हिंडून आणला होता. बाकीचे चार पुढे कापाकापीत गेले.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मित्रांना एक गोष्ट समजावून सांगताना मला नेहमी कष्ट पडतात. त्यांची चूक दुपारी दिसली तर संध्याकाळपर्यंत पुसली जाते. माझी चूक तांब्यात कोरली जाते. गर्बर फाइल एकदा कारखान्यात गेली की दोन-तीन आठवडे नुसती वाट बघायची, आणि परत येतं ते डोक्यात होतं तसं नसतं, काढलं होतं तसं असतं. मग नवा बोर्ड मागवायच्या आधी हातातल्या बोर्डावरच शिकायचं. ब्लेडने ट्रॅक खरवडून तोडायचा, वायरीने दुसरीकडे जोडायचा. थोरल्याच्या अंगावरची तेव्हाची प्रत्येक निळी वायर म्हणजे मी केलेली एक चूक आणि तिची केलेली दुरुस्ती, दोन्ही एकाच जागी.

ते तीन उताणे ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशीचे. रिले चालवण्यासाठी होते. एकही रिले वाजेना. दोन तास मी प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग डेटाशीट उघडली. त्या तीन पायांच्या पॅकेजचं चित्र लायब्ररीत काढताना मी दोन पायांची अदलाबदल केली होती. बेसच्या जागी एमिटर, एमिटरच्या जागी बेस. तो भाग जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा. मी तो काढला, पाठीवर झोपवला, पाय आकाशाकडे वळले आणि अदलाबदल आपोआप सुटली. चिमट्याची टोकं थरथरत होती, कारण दुपारचा चहा हुकला होता. तिसरा ट्रान्झिस्टर बसला आणि रिले 'टक' करून वाजला. दिवसभर मी ज्याच्याकडे बघत होते त्याने पहिल्यांदा ओ दिली, असं मला वाटलं.

त्याचं खरं दुखणं मात्र पुढे निघालं आणि त्याने मला नऊ दिवस झोप लागू दिली नाही. टेबलावर मोटर जोडली होती. पाणी संपल्याचं सोंग केलं की तो मोटर बरोबर बंद करायचा. आणि मिनिटभराने पुन्हा सुरू करायचा. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. विहीर कोरडी आहे हे त्याला कळत होतं, त्यावर तो योग्य तेच करत होता, पण मोटर बंद करण्याच्या त्या क्षणालाच त्याची स्मृती जात होती. मायक्रोकंट्रोलर रिसेट व्हायचा, आपण नुकतेच जागे झालो, लाइट आत्ताच आली, असं समजायचा आणि इमानदारीत मोटर चालू करायचा.

ऑसिलोस्कोप लावला. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट तुटला की पाच व्होल्टच्या सरळ रेषेवर एक काटा उठायचा, पन्नास-साठ नॅनोसेकंदांचा. ट्रिगर इकडे तिकडे सरकवत तो पकडायलाच तीन दिवस गेले. कॉइलमधला करंट अचानक तोडला की ती उसळते, रिलेच्या टोकांत ठिणगी पडते, आणि ती उसळी जिथून वाट मिळेल तिथून परत जाते. तिला वाट मी दिली होती. रिलेचा ग्राउंड परत नेताना मी ट्रॅक जागेच्या सोयीसाठी मायक्रोकंट्रोलरच्या पोटाखालून वळवला होता.

सर्किटच्या कागदावर ग्राउंड म्हणजे खाली तीन आडव्या रेघा, सगळीकडे सारख्याच. बोर्डावर तो पाट असतो. एकाच पाटावर वरचा वाफा आणि खालचा वाफा असला आणि वरच्याने एकदम दार फोडलं तर खालच्याचे बांध वाहून जातात. हे कळायला मला आठवा दिवस उजाडला. नवव्या दिवशी मी ब्लेडने तो ट्रॅक दोन ठिकाणी तोडला आणि रिलेचा ग्राउंड जाड वायरीने थेट सप्लायच्या कपॅसिटरपाशी नेला. अकरा वायरींतली हीच एक जाड आहे. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी बसवली, ठिणगीचा जोर तिथेच जिरावा म्हणून. मग दोनशे वेळा मोटर चालू-बंद केली, वहीत दोनशे रेघा ओढल्या. एकदाही तो विसरला नाही.

फेब्रुवारीत त्याला जुन्नर तालुक्यातल्या एका विहिरीवर नेलं. पत्र्याच्या पेटीत बसवला, वर झाकणाला आतून माझा फोन नंबर चिकटवला. आठव्या दिवशी शेतकरीकाकांचा फोन आला. "ताई, तुमची पेटी चांगली आहे, पण मी ती काढून ठेवलीय." मी गेले. वायरी बाजूला करून मोटर सरळ जोडलेली होती आणि शेजारी एक मोठा कंडेन्सर लटकत होता. रात्री तिसरी फेज नसते, काका सांगत होते, मग उरलेल्या दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढायची, सगळा गाव तसंच करतो. "तुमची पेटी म्हणते एक फेज नाही, मी चालू करणार नाही. अहो, नाही हे मलाही माहीत आहे. पण कांद्याला पाणी आजच द्यायचंय."

मी त्यांच्या बांधावर बसून ऐकून घेतलं. थोरल्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला शिकवलं तेच तो करत होता. कांद्याचं पाणी काय असतं हे त्याला शिकवलेलंच नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. त्याच दुपारी, गाडीच्या बॅटरीवर सोल्डरिंग आयर्न चालवून मी त्याला आणखी एक वायर जोडली आणि एक छोटा स्विच बसवला. स्विच एका बाजूला केला तर तिन्ही फेज सक्तीच्या. दुसऱ्या बाजूला केला तर दोनवर चालू दे, पण करंटवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव आणि वाइंडिंग तापेल इतका वेळ जाऊ देऊ नकोस. पुढे आमच्या प्रत्येक पेटीवर तो स्विच आला. शेतकरी दुकानात पेटी घेताना आधी तोच आहे का बघतात.

त्या पेटीत त्याने बाकीचंही सोसलं. थंडीत उबेला पाली येतात. एकदा झाकण उघडलं तर कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांमध्ये एक पाल आडवी होऊन जळालेली होती आणि तिच्या चार बोटं खाली हा धडधाकट चालू होता. तेव्हापासून आमच्या बोर्डांवर कोटिंगचा थर आला आणि पेटीच्या प्रत्येक भोकाला रबरी ग्लँड. मे महिन्यात वळवाच्या पावसात लांब कुठेतरी वीज पडली. लाइनवरून आलेला तडाखा व्हॅरिस्टरने झेलला. त्याचं कामच ते आहे, व्होल्टेज वाढलं की स्वतः वाट देऊन ते खाली ओढायचं. पण व्हॅरिस्टर मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो आणि मी त्याच्या आधी फ्यूज दिला नव्हता. लाइनचा सगळा करंट त्या ट्रॅकमधून धावला आणि ट्रॅकची वाफ झाली. डावीकडचा तपकिरी डाग तो. मायक्रोकंट्रोलर वाचला. मी डाग ब्रशने साफ केला नाही, नव्या मुलांना दाखवायला ठेवला.

तिरक्या कपॅसिटरची गोष्ट टेबलावरची नाही, मीटिंगची आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. थोरल्यावर सुरुवातीला ८५ अंशांना २,००० तासांचा माल होता. एप्रिलच्या उन्हात त्या पत्र्याच्या पेटीत मी ६५ अंश मोजले होते. म्हणजे वीस अंश कमी, दोनदा दुप्पट, ८,००० तास. वर्षाचे तास होतात ८,७६०. पेटी अखंड चालू असते, म्हणजे वर्षभर तेवढीच उष्णता धरली तर पुढचा उन्हाळा यायच्या आत कपॅसिटर दमलेला. १०५ अंशांना ५,००० तासांचा घेतला तर त्याच पेटीत ८०,००० तास, नऊ वर्षं. फरक नगामागे सव्वादोन रुपये. परचेसचं म्हणणं होतं की हजारांनी गुणा मग बोला. त्यांचं काम तेच आहे आणि ते नीट करतात, म्हणून कारखाना चालतो. मी थोरल्याला मीटिंगमध्ये घेऊन गेले. फळ्यावर ८,००० आणि ८०,००० लिहिलं आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला, वर नवा जाड कपॅसिटर तिरका बसवलेला. मालकांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि सव्वादोन रुपयांवर सही केली.

ऑगस्टमध्ये रेव्ह बी निघाला. एकही निळी वायर नाही, ट्रान्झिस्टर सरळ, ग्राउंडचे पाट वेगळे. मी थोरल्याला पिशवीत घातला. त्याचं काम संपलं असं मला वाटलं होतं.

जुलै २०१५ मध्ये धाकटे परत येऊ लागले. पाऊस सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत सात, मग पंधरा. डीलर सांगायचा, पेटी बंद पडली. आमच्या टेबलावर आणून जोडली की चालू. दोन दिवस चालवा, काही होत नाही. परत पाठवली की आठवड्यात पुन्हा बंद. फील्डमधून आलेला आणि टेबलावर बरा झालेला बोर्ड यासारखं छळणारं दुसरं काही नाही. तिकडे एका माणसाचं पीक वाळत असतं आणि इकडे सगळं ठीक दिसतं.

शेवटी एका बोर्डाला मी ओल्या फडक्यासकट प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर बंद करून ठेवलं. सकाळी जोडला तर ४० मिलिअँपिअरच्या जागी १८० जात होते. कुठे? यासाठी एक जुनी युक्ती आहे. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर ब्रशने फिरवायचा आणि नुसतं बघत बसायचं. जिथे गरम आहे तिथलं अल्कोहोल सगळ्यांच्या आधी उडतं. ओल्या हिरव्या अंगावर कडेपाशी एक कोरडा ठिपका उमटला आणि पसरत गेला. त्याच्या मधोमध होता एक सिरॅमिक कपॅसिटर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. तो काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर एका टोकाशी केसासारखी तिरकी चीर होती. त्या चिरेत ओल शिरत होती आणि टेबलाच्या कोरड्या हवेत वाळत होती.

पण चीर आली कुठून? तोच कपॅसिटर, त्याच कंपनीचा, त्याच जागी थोरल्यावरही होता. उन्हाळा, पाल, वीज सगळं सोसून तो शाबूत होता. मी थोरल्याला पिशवीतून काढला आणि धाकट्याच्या शेजारी ठेवला. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग दोघांच्या कडेवरून अंगठा फिरवला. थोरल्याची कड गुळगुळीत, कारण तो एकटा, मशीनवर कापून आला होता. धाकट्याची कड खरबरीत. धाकटे सहा-सहाच्या पाट्यांत येतात, मध्ये खाच मारलेली असते, माल चढवून झाल्यावर चॉकलेटची वडी मोडावी तसे मोडून सुटे करायचे असतात.

मी खाली लाइनवर गेले आणि काही न बोलता मावशींच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी पाटी टेबलाच्या कडेवर धरली, तळव्याने दाबली. कट्. दुसरी, कट्. तिसऱ्या खाचेपाशी त्यांनी पाटी थोडी वळवली, दोन्ही अंगठे लावले आणि जोर देऊन मोडली. तिथेच, खाचेपासून दोन मिलिमीटरवर, खाचेच्या काटकोनात तो कपॅसिटर आडवा झोपलेला होता. बोर्ड वाकला की सिरॅमिक वाकत नाही, त्याला चीर जाते.

"मावशी, इथे जोर का लावता?"

"कनेक्टर आडवा येतो ना मॅडम. हात नीट बसत नाही तिथे. आम्ही पहिल्यापासून सांगत होतो."

त्या सांगत होत्या. सुपरवायझरला सांगत होत्या, आणि ते वर माझ्यापर्यंत आलं नव्हतं, आणि मी खाली विचारायला गेले नव्हते. वर्षभर माझ्या टेबलापासून अठरा पायऱ्या खाली ही माहिती कामाच्या वेळात रोज हजर होती. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

अशा हातांवरून एक जुनी हकिगत आठवते. पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा इंजिनिअर. आज आपण ज्याला पीसीबी म्हणतो तशा छापील सर्किटचा रेडिओ त्याने १९३६ मध्ये लंडनला बनवला. त्याआधी रेडिओच्या पोटात वायरींचं जाळं असे आणि ते बायका हाताने जोडत. आयस्लर आपली कल्पना एका रेडिओ कंपनीकडे घेऊन गेला तेव्हा तिथल्या माणसांनी ती नाकारली, कारण बायकांचे हात स्वस्त पडतात आणि हवे तसे वळवता येतात, असा त्यांचा हिशोब होता. ही हकिगत वाचली तेव्हा मला आमची लाइन आठवली. तांब्याने वायरींची जागा घेऊन कित्येक वर्षं झाली, तरी बोर्ड पेटीत जाईपर्यंत किती हातांतून जातो. ट्रान्सफॉर्मर, रिले, कनेक्टर हातानेच खोचले जातात. हाताला जे कळतं ते स्वस्त नसतं.

रेव्ह सी मध्ये तो कपॅसिटर मी आत सरकवला आणि खाचेला समांतर फिरवला. तसा झोपवला की वाकण्याचा ताण त्याच्या लांबीवर येत नाही. कनेक्टर हलवला. पाट्या मोडायच्या नाहीत, चाकाच्या कटरने कापायच्या, असं ठरलं आणि कटर आला. तेव्हापासून गर्बर पाठवण्याआधी मी लेआउट खऱ्या मापात कागदावर छापते, पुठ्ठ्यावर चिकटवते आणि मावशींच्या हातात देते. त्या तो धरून बघतात, वळवतात, न बसवलेले भाग बोटांनी बसवून बघतात. एकदा म्हणाल्या, हे दोन कनेक्टर सारखेच दिसतात, संध्याकाळी सहानंतर उलटे लागतील. मी एकाच्या पिना बदलल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे लाइन बंद ठेवून पूजा होते. आयर्न, चिमटे, स्कोप, कटर सगळं धुऊनपुसून मांडतात. त्या वर्षी मावशींनी थोरल्याला मागून नेला आणि झेंडूच्या फुलांत मधोमध ठेवला. हळदकुंकू वाहायला गेल्या तशी मी म्हटलं, मावशी, मायक्रोकंट्रोलरवर नको, कुंकू ओल धरतं. त्यांनी बोट वर धरून विचारलं, मग कुठे चालेल? मी कोपऱ्यातलं स्क्रूचं भोक दाखवलं. तेव्हापासून दर वर्षी कुंकू तिथेच लागतं. मी सगळं पुसत नाही.

२०२१ साली चिपांचा दुष्काळ पडला. आमचा मायक्रोकंट्रोलर सव्वाशे रुपयांना मिळायचा, तो बाजारात हजाराच्या वर गेला आणि तरी खरा निघेल याची खात्री नाही. कंपनीकडे चौकशी केली तर बावन्न आठवडे थांबा. लाइन थांबली असती, मावशींचं काम थांबलं असतं. मिळत होती ती दुसरी चिप, पाय वेगळे, आकार वेगळा. नवा बोर्ड काढायला वेळ नव्हता, आधी चालते का ते बघायचं होतं. सात वर्षांनी मी थोरल्याचा मेंदू गरम हवेने उतरवला आणि त्या जागी एक छोटी पाटी उभी केली, नवी चिप घेऊन. तिच्याखालून चार वायरी नव्याने गेल्या. अकरा होतात त्या या चार धरून. पहिल्या दिवशीचे तीन ट्रान्झिस्टर अजून उताणेच होते, त्यांनीच रिले ओढला. टक.

गेल्या महिन्यात रेव्ह एफचे नमुने आले. डिझाइन माझं नाही. अवसरीच्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलीचं आहे, मी फक्त तपासलं. चार थरांचा बोर्ड, निम्म्या आकाराचा, फार देखणा. बुधवारी तिने तो चालू केला. रिले बंद झाला की दहातून एकदा बोर्ड अडकायचा. गुरुवारी ती डबा न खाता बसली होती. मला वाटलं काही सांगावं. पण काही गोष्टी मला तिने स्वतः बघायला हव्या होत्या, म्हणून मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले.

चार वाजता ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, थोरला देता?"

मी खण उघडला. तिने पिशवी दोन्ही हातांनी घेतली, मनगटाला पट्टा बांधला, त्याला आपल्या बोर्डाच्या शेजारी ठेवलं, सप्लाय जोडला आणि काटा दिसतो ती रेषा शोधायला स्कोपचा प्रोब आधी त्याला लावला.